लिफ्टवाल्याचा पाळणा

मनाच्या डॉक्टरांकडे नंबर लावून बसलेल्या बाईंनी मासिकात तोंड खुपसलं होतं, पण कान शेजारच्या मायलेकांकडे होते.

"आई, लिफ्ट दुरुस्त करणारा मी, आणि लिफ्टचं दार लागलं की माझाच जीव गुदमरतो. डॉक्टरांनी दोन वर्षं खणून मूळ शोधलंय. सहा महिन्यांचा असताना मी पाळण्यातून पडलो. आत तेवढं सांग."

"अरे, पडला तो तुझा दादा."

"मग दोन वर्षं मी रडलो कुणासाठी?"

"बरं केलंस. त्या दगडाला कधी रडू फुटलं नाही."

"आणि मी?"

"पाळण्यावरचा माझा विश्वासच उडाला होता. तुला कपाटाच्या खालच्या खणात निजवायचे. रडायला लागलास की खण आत लोटायचा, लगेच गप्प! गुणी बाळ होतं म्हणून सांगते हो डॉक्टरांना."