कंदीलवालीवर बंदी

...आणि बंदी कशावर म्हणे? तर माझ्या कंदीलवालीवर! अहो, त्या खेळात तलवारी, भाले, आग ओकणारे बैल, आणि बंदी घालायला यांना सापडली कोण, तर हातात कंदील धरलेली म्हातारी! तुम्हाला सांगते, मी काय केलं होतं? मी नुसती उभी होते!

त्याचं असं झालं, आमच्या इमारतीच्या हॉलमध्ये कंप्यूटरवरच्या लढाईची स्पर्धा असते, घरटी तिघांचा संघ. आमच्याकडून हे, सूनबाई आणि मी. मी कशाला? तर नवी सून दिवसभर ऑफिसात, संध्याकाळी कानाला हेडफोन, माझ्याशी बोलणार कधी? म्हटलं, तिच्या शेजारची खुर्ची मिळते ना, मग लढाई तर लढाई! पण माझं व्रत आहे, कुणाला दुखवायचं नाही. खेळातसुद्धा नाही... समोरच्या त्या राक्षसामागेही कुणाचं तरी लेकरूच बसलेलं असतं ना? म्हणून कंदीलवाली घेतली. सूनबाई ओरडतेय, "आई, मारा! आई, तो आलाय, मारा ना!" आणि मी आपली देवाचं नाव घेत उभी.

तर कंदील वाढायला लागला! म्हणजे ती म्हातारी जितका वेळ कुणाला मारत नाही, तितका तिचा उजेड पसरतो, आणि उजेडात आपली माणसं मरतच नाहीत. खेळ बनवणाऱ्यांनीच ठेवलेलं हो ते, पण कुणाला कळणार कसं? हात शिवशिवल्याशिवाय आजवर राहिलंय कोण? माझा उजेड पार पलीकडच्या किल्ल्यापर्यंत! हे अमर, सूनबाई अमर, एकेक संघ लोळवत आम्ही थेट अंतिम फेरीत... आणि मी? मी नुसती उभी होते!

अंतिम सामना नणंदेच्या संघाशी. वन्सं आल्या फणकारत, "डॉक्टर, हे अति होतंय! खेळाचा तोल गेला! त्या म्हातारीवर बंदी घाला!" डॉक्टर म्हणजे आमचे पंच, दातांचे डॉक्टर, आरडाओरडा ऐकून घेण्यात हयात गेलेली. म्हणाले, "आधी तपासू. ताई, तुम्हीच घ्या बघू कंदीलवाली." वन्सं बसल्या. समोरून एक बेडूक गेला. बेडूक हो! घातला कंदील त्याच्या डोक्यात, उजेड विझला! "तो माझ्याकडे बघत होता!" म्हणे. मग त्यांचे जावई बसले, मग वरच्या मजल्यावरचे निवृत्त न्यायाधीश... कपातला चहा गार होईपर्यंतसुद्धा एकाला दम धरवेना! डॉक्टरांनी चष्मा पुसला. "म्हातारीत दोष नाही. दोष या बाईंमध्ये आहे. बंदी घालायची तर यांच्यावर."

माझ्यावर बंदी! खुर्ची गेली म्हणजे पुन्हा ते हेडफोन, पुन्हा ती बंद खोली... तोच सूनबाई ताडकन उठली, "आई नाहीत, तर मीही नाही!" काय सांगू तुम्हाला, समोरचा पडदा धूसर दिसायला लागला मला!

शेवटी तडजोड निघाली. कंदीलवाली राहील, मीही राहीन, पण डावाच्या मध्यात एकदा तरी कुणाला तरी मारायचं. देवाला म्हटलं, बाबा रे, वाट दाखव. सामना रंगला, उजेड किल्ल्याला टेकला, आणि वन्सं ओरडल्या, "वहिनी, मारा आता! नियम आहे!" मारू कुणाला? समोर नणंद, जावई, परक्याची लेकरं... बाजूला हे. आपल्या माणसालाही लागतं या खेळात. हाणला कंदील! उजेड गुल, हे बाद, सामना गेला! "अगं, मी तुझ्याच संघात आहे!" असं हे म्हणेपर्यंत सूनबाई हसून हसून माझ्या खांद्यावर कोसळलेली, "आई, उद्या परत!"

आणि खरं सांगू, व्रत मोडल्यासारखं काही वाटलंच नाही हो.

आता ह्यांनीच डॉक्टरांकडे तक्रार नेली, "आमची बायको फार भारी पडते, काहीतरी बंदी घाला!" डॉक्टरांनी सुस्कारा सोडला, "बसा. बायकोवर बंदी मागणाऱ्यांच्या रांगेत माझा नंबर तुमच्या आधी आहे."