कुंपणावरचा शर्ट

आदरणीय अध्यक्ष रेव्हरंड हॉस्किन्स, आजचे प्रमुख पाहुणे वकीलसाहेब मिस्टर प्रेविट, व्यासपीठावरचे आपल्या चर्चचे ज्येष्ठ सेवक डीकन, आज ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो त्या केझाया मावशी, आणि समोर बसलेल्या माझ्या बंधुभगिनींनो,

हे भाषण खरं म्हणजे माझ्या पत्नीनं, ल्युसिंडानं, करायचं होतं. तसं ठरलंही होतं. फेब्रुवारीत ती तापानं गेली, हे आपणा सर्वांना माहीत आहे. आमच्या घरात बोलायचं काम तिचं होतं, ऐकायचं माझं. त्यामुळे आज माझं काही अडखळलं, तर सांभाळून घ्यावं.

मिस्टर प्रेविट यांनी आत्ता युद्धाचा इतिहास फार छान सांगितला. वॉशिंग्टनमध्ये कोण काय बोललं, कोणत्या सेनापतीनं कुठे नदी ओलांडली, गुलामी मोडणारे कायदे कुणाच्या सहीनं झाले. यातलं काही खोटं नाही. सह्या त्यांनीच केल्या, आणि त्या नसत्या तर मी आज या व्यासपीठावर नसतो. पण वकीलसाहेब, आपल्या परवानगीनं मी त्यात एक टोपली घालू इच्छितो. धुण्याची.

तरुण मंडळींना माहीत नसेल, म्हणून सांगतो. राष्ट्राध्यक्षांचा गुलामांच्या मुक्तीचा जाहीरनामा आपल्या केंटकीला लागू नव्हता. कारण गुलामी टिकवायला दक्षिणेतल्या राज्यांनी केलेल्या बंडात आपलं राज्य सामील नव्हतं. म्हणजे इथला मालक एकनिष्ठ, आणि त्याचा गुलाम गुलामच! सुटायची वाट एकच होती. पुरुषानं सरकारी फौजेत भरती व्हायचं. तो सुटे. त्याची बायको आणि मुलं मात्र मालकाचीच राहत. मग त्या बायका काय करणार? आल्या नवऱ्यांच्या मागे छावणीत. झोपड्या बांधल्या, स्वयंपाक करू लागल्या, आमचे कपडे धुऊ लागल्या. केझाया मावशी आमच्या तुकडीची धोबीण. त्यांचा नवरा जॅरेट माझ्या शेजारी रांगेत उभा राहत असे. त्यांची धाकटी मुलगी टेम्पी नुकती आजारातून उठली होती. आणि ल्युसिंडा, तेव्हा सोळा-सतराची, मावशींच्या हाताखाली होती. तिच्यामुळे माझे शर्ट जरा जास्तच मळत, असं जॅरेट म्हणत असे.

नोव्हेंबर महिना. पाणी गोठवणारा वारा. मालक लोक तक्रारी घेऊन येत होते, आणि छावणीच्या प्रमुखानं हुकूम काढला की बायका-मुलं छावणीत नकोत. आम्ही दूर लाकडं तोडायला गेलेलो. पहारेकरी बंदुका घेऊन झोपड्यांपाशी आले. मावशी तेव्हा हंड्यापाशी उभ्या होत्या. पुढचं मी ल्युसिंडाकडून ऐकलेलं सांगतो.

पहारेकरी म्हणाला, "हातात येईल ते घ्या आणि गाडीत चढा."

मावशींनी एका हाती टेम्पीला उचललं आणि दुसऱ्या हाती ओल्या शर्टांची टोपली.

ल्युसिंडा ओरडली, "मावशी, अगं गोधडी घे! शर्ट कसले घेतेस?"

"गोधडी माझी आहे. शर्ट लोकांचे आहेत," मावशी म्हणाल्या. "एक जरी हरवला तरी म्हणतील, धोबीण चोर. मग संध्याकाळी आत कोण घेईल आपल्याला?"

त्यांना वाटलं होतं, संध्याकाळी परत घेतील. कुणाला वाटणार नाही? गाड्या हलल्या आणि मागे झोपड्या पेटवून दिल्या. गोधडी त्यात गेली.

त्या सगळ्यांना दूर एका जुन्या प्रार्थनाघरात नेऊन उतरवलं. शेगडी एक, माणसं इतकी की अर्ध्यांना ती दिसतही नव्हती. शर्ट वाटेतच गोठून फळ्यांसारखे झाले होते. अंगावर घालायच्या कामाचे नव्हते. टेम्पी सकाळ पाहू शकली नाही.

त्याच सकाळी इकडे छावणीत तपासणी होती. आमची तुकडी उघड्या अंगावर कोट चढवून, गळ्यापर्यंत बटणं लावून उभी! अधिकाऱ्यानं एकाची बटणं काढायला लावली. मग दुसऱ्याची.

"शर्ट कुठे आहेत तुमचे?"

आमचा सार्जंट सरळ समोर बघत म्हणाला, "कालच्या गाडीत गेले, साहेब."

"कुठल्या गाडीत?"

"ज्या गाडीत आपण आमच्या बायका पाठवल्यात, त्या गाडीत."

मागून कुणीतरी हसलं. अधिकारी लाल झाला. म्हणाला, "शर्ट परत आणा. आत्ताच्या आत्ता." बायकांचं नाव त्यानं घेतलं नाही. शर्टांसाठी गाडी मिळाली, आणि गाडीबरोबर जॅरेटला आणि मला पाठवलं.

तिथे काय दिसलं, ते मी सविस्तर सांगत नाही. मावशी इथे बसल्या आहेत. जॅरेटनं कुंपणाजवळ खड्डा खणला. जमीन कडक होती, मी हात लावला. मग गाडीवान म्हणाला, "बाई, ती टोपली द्या, उशीर होतोय."

मावशी टोपलीवर जाऊन बसल्या. म्हणाल्या, "शर्ट ओले आहेत. वाळवायचे, इस्त्री करायचे, ज्याचा त्याला द्यायचे. ते काम तू करणार?"

"मला फक्त शर्ट आणायला सांगितलंय."

"मग उचल. मी वर बसलेय, एवढंच."

त्यानं थोडा वेळ डोकं खाजवलं आणि टोपलीसकट त्यांना गाडीत घेतलं. मागून बाकीच्या बायका चालत निघाल्या. फाटकावरच्या पहारेकऱ्याला हुकूम होता, शर्टांची गाडी आत सोडा. त्यानं सोडली. मागच्या बायकांचं काय करायचं, हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

छावणीत एक भला कॅप्टन होता. त्यानं जॅरेटला शपथेवर सगळं सांगायला लावलं. ते वर्तमानपत्रांत छापून आलं, वॉशिंग्टनला वाचलं गेलं. छावणीत बायकांसाठी घरं बांधली गेली. पुढच्या मार्चमध्ये कायदा झाला, की शिपायाची बायको आणि मुलंही स्वतंत्र. मग केंटकीतला जो तो भरतीला धावला. शर्टांमुळे कायदा झाला, असं मी म्हणणार नाही. वकीलसाहेब मला शब्दात पकडतील. पण त्या बायका मुकाट्यानं मालकाकडे परत गेल्या असत्या, तर वॉशिंग्टनमध्ये सही कशावर झाली असती? जॅरेटला तो कायदा कळला, तेवढं बरं झालं. नंतर पीटर्सबर्गच्या लढाईत, खंदकात तो गेला.

आता थोडं आजचं. मावशींचा मुलगा आयझम कॅन्ससमध्ये जमीन करून बसला आहे. आईला बोलावून थकला, आता स्वतःच न्यायला आला आहे. मावशी जात नव्हत्या, कारण दर नोव्हेंबरात त्या एक लहान शर्ट धुतात, इस्त्री करतात आणि त्या प्रार्थनाघराच्या कुंपणावर, टेम्पीच्या जागेपाशी, टांगून येतात. कोरडा शर्ट. ल्युसिंडा नेहमी बरोबर जायची. यापुढे ती एकटी जाईल, असं दोघींचं ठरलं, तेव्हा कुठे मावशी निघायला तयार झाल्या. आणि फेब्रुवारीत ल्युसिंडाच गेली. उद्या सकाळची आगगाडी आहे. कालपर्यंत मावशींची ट्रंक रिकामी होती. हे आयझमनं मला सांगितलं, मावशींनी नाही.

मार्चपासून मी मावशींच्या अंगणात धुणं शिकायला जातो आहे. लोक हसले. विधुर माणूस आहे, करणार काय, असं मावशींनाही वाटलं. पहिल्या दिवशी माझा पिळा बघून म्हणाल्या, "अरे ॲब्नर, शर्ट आहे तो! कोंबडीची मान मुरगळतोयस का?" खळ घातली तर म्हणाल्या, "हा शर्ट आता तुझ्याशिवाय उभा राहील." मी ऐकून घेतलं. ऐकायची सवय होतीच.

मावशी, ते धुणं मी माझ्या कपड्यांसाठी शिकलो नाही. नोव्हेंबरात कुंपणावर शर्ट असेल. त्याच्या पुढच्या नोव्हेंबरातही असेल. ल्युसिंडाचं राहिलेलं काम आहे, ते मला करू द्या. तुम्ही ट्रंक भरा.

काय म्हणालात, मावशी? जरा मोठ्यानं...

हो. आधी कॉलर, मग बाह्या. लक्षात आहे.

मंडळी, मावशी हसल्या, म्हणजे त्या उद्या जातील असं मी समजतो. अध्यक्षांनी मला वेळ दिला, पाहुण्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, बायकांनी मागे हॅम आणि मक्याचा पाव गरम ठेवला आहे, या सर्वांचे मनापासून आभार. बोलताना काही कमी-जास्त झालं असेल, तर पोटात घालावं. आणि मावशी, इस्त्रीत सुरकुत्या राहतील. तेवढ्या माफ करा.