रॅपखालचं दार

गाडीला रॅप करायचं म्हणताय ना, करा. फक्त ते काढायला जाताना वडिलांना सोबत नेऊ नका.

आमची पांढरी गाडी मूळची वडिलांची, म्हणजे अण्णांची. मला देताना त्यांनी बजावलं होतं, "आठ वर्षं चालवली, एक ओरखडा नाही. रंग कंपनीचा आहे, सांभाळ." मला हवी होती निळी. रंगवून घेतली असती तर अण्णांचा कंपनीचा रंग गेला असता, म्हणून मी वरून निळं रॅप, म्हणजे रंगीत प्लॅस्टिकचा चिकट थर, लावलं.

चार वर्षांत ते नाशिकच्या उन्हाने विटलं. अण्णा म्हणाले, "काढ ते सोंग. खालचा रंग बघ कसा आहे." मग मी, अण्णा आणि आई दुकानात गेलो.

कारागिराने बॉनेटवरचं रॅप ओढलं. खाली रंग नव्यासारखा. अण्णांनी माझ्याकडे बघितलं. मग त्याने ड्रायव्हरकडचं दार घेतलं, तर रॅपबरोबर रंगाचा मोठा पापुद्राच निघून आला. खाली पुट्टी.

"हे दार आधी रंगवलेलं आहे," तो म्हणाला. "कंपनीचा रंग असा निघत नाही."

अण्णांनी मला बाजूला घेतलं. "चांदवडच्या घाटात कठड्याला घासली होती. तुझ्या आईला बोलू नकोस."

आई मागेच उभी होती.

"गॅरेजवाल्याचा तेव्हा घरी फोन आला होता," ती म्हणाली. "रंग नीट जुळव, यांना माझ्यापासून लपवायचंय, असं त्याला मीच सांगितलं."