नमलं का, वेंदो?

पाषाणातही पाझर ठेवणाऱ्या नारायणा, तुला दंडवत! पण खरं सांग, कोशित्से शहरातल्या त्या प्रयोगशाळेतल्या सिरॅमिकमध्ये तो ठेवायचा तू विसरलास ना? कारण, मंडळी, तुम्हाला सांगतो, आमच्या वेंदेलीनने, म्हणजे वेंदोने, अकरा वर्षं त्या हटवाद्याची मनधरणी केली! त्याचा केसाहून बारीक खांब तीन-तीन दिवस कोरायचा, माथ्यावर हिऱ्याचं सपाट टोक टेकवायचं, हळूहळू दाबायचं आणि पाहायचं... फुटण्याआधी तसूभर दबतो का, दबून तसाच राहतो का? राहतो कशाला! टच्च! दर सोमवारी संचालक बोहुस्लाव दारातूनच विचारणार, "काय वेंदो, नमलं का?" याने मान खाली घालायची, "नाही साहेब, फुटलं."

"एक खांब नमव, तुझी जागा कायम!" असं साहेबांचं वचन. नाहीतर? नाहीतर दरसाल हंगामी!

आणि एके दिवशी नमलं हो! आलेख कसा, सायीच्या धारेसारखा उतरला! त्याच दिवशी साहेबांचा नामदिन, म्हणजे त्यांच्या नावाच्या संताचा सण. अहवाल लिफाफ्यात, प्लमची दारू पेल्यांत. प्रयोगशाळेतल्या मार्गिताबाई म्हणाल्या, "वेंदो, देव पावला रे, आता तरी खा!" आणि बटाट्याचं सॅलड थापलेला पाव हातात दिला, वर मुळ्याची चकती. याने सहज बोटाने चकती दाबली... चकती कडक ती कडकच, खाली सॅलड खचलं!

पाव तिथेच टाकून हा सूक्ष्मदर्शकाकडे धावला. खांबाची उंची मोजली... जशीच्या तशी! नमुना धातूच्या तबकडीवर चिकटवला होता ना, तो डिंकाचा थर दबला होता. घाईत जाड लावलेला, याच्याच हाताने!

"साहेब, खांब नाही नमला. डिंक नमला."

"हळू बोल, लेका! आलेखाला काय कळतं खाली काय आहे ते? लिफाफा बंद झालाय."

"उघडा, साहेब."

"कायमची जागा जाईल."

"जाऊ दे. उघडा."

उघडला. कायमची जागा गेली. कुणी शाबासकी दिली म्हणता? छे! पुढच्या सोमवारी साहेब दारात, "वेंदो, डिंकाचं इतकं नेमकं मोजमाप आजवर कुणी केलं नव्हतं हं! एका कारखान्याने तीन वर्षांचं काम दिलंय. डिंकाचंच." आता रोज तेच चालू आहे. "नमलं का?" "नमलं, साहेब." "उद्या?" "उद्याही नमेल, साहेब." जागा? हंगामीच!

असो. मंडळी, तुमच्या घराचे खांब अभंग राहोत, पाया कधी न खचो, आणि खरं बोलून घरी परतणाऱ्याला प्रत्येक दारी गरम घास मिळो.