वास थांबला तेव्हा

आजच्या निरोप समारंभाच्या अध्यक्षा आणि आपल्या संस्थेच्या मायबाप आदरणीय अहिल्याताई, डहाणूतल्या हॉटेलवाल्यांच्या वतीने व्यासपीठावर बसलेले जिग्नेशभाई, आजचे सत्कारमूर्ती सूर्यकांत सावेसाहेब, दीप्तीवहिनी, आणि तलासरीपासून धाकट्या डहाणूपर्यंतच्या माझ्या सर्व बंधुभगिनींनो, आपणा सर्वांना जयश्री तामोरेचा नमस्कार.

लिहून आणलेला कागद मी घडी घालून बाजूला ठेवते आहे. माईकला घाबरले असं समजू नका. मासळीबाजारात ओरडून मोठी झालेली बाई मी, मला माईक लागतोच कशाला? भीती वेगळी आहे. उद्या सकाळपासून आपल्या अन्नकचरा प्रकल्पाची जबाबदारी माझ्यावर येते आहे, आणि मघाशी तुम्ही त्यासाठी टाळ्या वाजवल्यात.

साहेबांविषयी काय बोलावं? सात वर्षांपूर्वी हॉटेलांचं उष्टं, अच्छाडच्या ढाब्यांवरचं उरलंसुरलं, बाजारातली मासळीची घाण, सगळं खाडीच्या कडेला पडायचं. साहेब ढाब्याढाब्यावर हात जोडत फिरले. जिग्नेशभाई, तुम्ही त्यांना पहिल्यांदा दारातूनच परत पाठवलं होतं, आठवतं ना? आज त्याच कचऱ्याच्या गॅसवर एका वसतिगृहाचा भात शिजतो. मोठमोठ्या शहरांतले अधिकारी बघायला येतात. नाकाला रुमाल लावून येतात आणि वह्या भरून नेतात.

माझ्या नाकाला मात्र रुमाल कधी लागला नाही. आमच्या अंगणात बोंबील वाळायचे. लग्न होऊन रेल्वे वसाहतीत गेले, तेव्हा कुठे कळलं की आमच्या घराला वास येतो! या नाकाचा मला फार अभिमान होता.

गेल्या पावसाळ्यात साहेबांनी मला बाजारात पाटी लावायला सांगितली. मी लावली. ‘ओला कचरा हिरव्या डब्यात, सुका कचरा निळ्या डब्यात.’ आता कोळणीला ओलं म्हणजे काय आणि सुकं म्हणजे काय, हे मी का तुम्हाला सांगायचं? ओलं म्हणजे ताजी मासळी, सुकं म्हणजे वाळवलेली. बुरशी धरलेले बोंबील, जवळा, सगळं निळ्या डब्यात गेलं आणि तिथून आमच्या कागद-प्लास्टिकच्या शेडमध्ये. शेडभोवती गावची कुत्री जमली. मी तावातावाने बाजारात गेले, तर आमची दक्षामावशी म्हणते, “बाय, ओलं ओल्यात टाकलं, सुकं सुक्यात टाकलं. आमचं काय चुकलं?”

हसा. मीही हसले होते. भाषा माझीच, आणि मलाच कळली नाही.

पण पुढचं हसण्यासारखं नाही. ही फजिती साहेबांच्या कानावर जाऊ नये म्हणून मी त्या सुक्या मासळीची सगळी पोती एकदमच कचऱ्याच्या खड्ड्यात रिकामी करवली. मुख्य टाकीआधीचा हा खड्डा दोन पुरुष खोल आहे. तिसऱ्या दिवशी तो तुंबला. झाकण उघडलं तर सडक्या अंड्यांसारखा वास. साहेबांचा नियम होता, मीटरने गॅस मोजल्याशिवाय कोणी उतरायचं नाही. मीटर साहेबांच्या कपाटात आणि साहेब तलासरीला बैठकीत. किल्ली मागायची म्हणजे सगळं सांगायचं. मी म्हटलं, थोडं थांबू, वारा लागू दे.

अर्ध्या तासाने वास थांबला. खड्ड्याच्या कामावरचे आपले तुक्यादादा काठावर बसले होते. म्हणाले, “बाई, वास नाय येत आता. उतरू?”

मी म्हटलं, “उतरा.”

हा गॅस वाढला की आधी नाक मारतो आणि मग माणूस. ‘वास थांबला की माणूस थांबवा’ असं साहेबांनी तिथल्या भिंतीवर लिहून ठेवलंय. मी ते रोज वाचत होते हो!

तुक्यादादा शिडीच्या चौथ्या पायरीवर होते. त्यांनी वर पाहिलं, काही बोलायला तोंड उघडलं आणि हात सुटले. ताडावर चढणारा माणूस, कमरेला दोर त्यांनी आपल्या सवयीनेच बांधला होता. मी सांगितला नव्हता. मी त्यांच्यामागे उडी घ्यायला धावले. तेवढ्यात परत आलेल्या साहेबांनी माझा दंड धरून मला मागे फेकलं. “खाली गेलीस तर दोन मढी काढावी लागतील!” असं ओरडले आणि इतरांना घेऊन दोर ओढायला लागले.

तुक्यादादा वाचले. साहेबांनी अहवालात लिहिलं, ‘झाकण माझ्या आदेशावरून उघडले.’ त्यांची नोकरीची दोन वर्षांची मुदतवाढ जवळजवळ ठरली होती, ती थांबली. म्हणून हा निरोप आज आहे. साहेब म्हातारपणी ढिले पडले असं तुमच्यातले काहीजण बोलतात, मी आठ महिने ते ऐकून गप्प बसले.

साहेब, हाताने खुणा करू नका. मी बसणार नाही.

काल त्यांनी झाकणाच्या कुलपाची किल्ली माझ्या हातात दिली. मी म्हटलं, साहेब, मला भीती वाटते. ते म्हणाले, “वाटू दे. भीती नसलेला माणूस मला त्या झाकणापाशी नकोच.” रात्रभर झोप नाही. आजही इथे येण्याआधी मी ते कुलूप तीनदा ओढून पाहिलं.

अहिल्याताई, अहवालातलं नाव बदला, एवढी हात जोडून विनंती. मग जबाबदारी द्यायची की काढायची, ते तुम्ही ठरवा. साहेबांचे, दीप्तीवहिनींचे आणि आपण शांतपणे ऐकलंत म्हणून आपणा सर्वांचे आभार. जेवायला बसाल तेव्हा पानात टाकू नका, ते उद्या आमच्याच खड्ड्यात येणार आहे. बोलण्यात काही उणंदुणं झालं असेल तर पदरात घ्या. करण्यात जे चुकलं, ते मात्र माफ करू नका.

शेवटच्या रांगेत तुक्यादादा आणि जमुनावहिनी बसलेत. दादांना अजून घरच्या कालवणाचा वास येत नाही. दादा, उद्या माझ्या जागी कोणीही असो, मी असले तरीही, ‘उतरा’ म्हटलं तर उतरू नका. आधी मीटर मागा.

नमस्कार.