चढता डॉलर आणि चिकूचा पाव

शिरूर स्टँडवर माझ्या शेजारी म्हातारा-म्हातारी दौंडच्या गाडीची वाट बघत होती. तिच्या मांडीवरच्या डब्यातून चिकूच्या गोड पावाचा वास येत होता.

"एक तुकडा दे की."

"न्हाई. लेकीकडं, शितलच्या घरी भाऊबीजेलाच कापायचा. ईश्वरनं शिकवला तसाच कुकरात भाजलाय. भाऊ येत न्हाई, तर त्याचा पाव तरी."

"पुढच्या दिवाळीला येईल अमेरिकेतनं."

"कसा येईल? डॉलर चढला की म्हणतो, आई, आता रुपयं जास्त मिळत्यात, आणखी एक वरीस. आन् तुम्ही मोबाईलवर सौदं शिकून डॉलरच विकत घेऊन बसलाय, चढावा म्हणून!"

"आगं, पडला तर पैसं बुडतील."

"बुडू द्या. लेकरू तरी येईल."

म्हाताऱ्यानं मोबाईल माझ्यापुढं धरला.

"पाव्हणं, ह्यात विकायचं बटन कुठलं हाय?"