सात नंबरचं फाटक आन् माझी अर्धी बांधी

...आन् मंग मलेच म्हणतात, "चैतराम, आमाले आधी काऊन नाही सांगतला?" अरे, घसा कोरडा करून सांगतो मी, तुमी आयकता कधी? तुमाले पाह्यजे मोठे मोठे पिच्चर! मी सांगतो थो लहानसा पिच्चर पाहा. दोन खोल्या, चार माणसं, एक जीप. पहिले थे जीप पोलिसाची, पाटी बदलली का खुन्याची! पैसाच नव्हता बिचाऱ्याईजवळ. पण असा घाम फोडते, तुमाले सांगतो... आपली पारख म्हंजे पारख!

तशीच थे सिरीयल, 'सात नंबरचं फाटक'. नऊ भागात बंद पडली. काऊन? कोणी पाहेचना! पण यंदा रोवणीले आमच्या केशोरीत बाया भेटून नाही राहिल्या, सगळ्याईच्या धानाच्या बांध्या एकाच वक्ती तयार, आन् माझ्या बांधीत किती बाया? बारा! कायनं? मी बांधीच्या कडेले धुऱ्यावर उभा राहून फाटक सांगत होतो ना! रेल्वेचा फाटकवाला मेला, खोली आतून बंद, आन् मुर्द्याच्या हातात दुसऱ्याचीच चप्पल! बायका वाकून धान लावत, मी सांगत जाय... सांगता सांगता थांबलो का बारा जणीईचे हात थांबत. आपली पारख म्हंजे पारख!

तिसऱ्या दिवशी नववा भाग सरला, आन् अर्धी बांधी उरली. पुष्पाबाई कंबरेवर हात ठेवून उभी. "मंग? चप्पल कोणाची?"

"मंग... बंद पडली."

"बंद पडली म्हंजे? आमाले चिखलात उभं करून अर्ध्यात सोडतेस? खुनी सांग, तं उद्या येऊ!"

इकडं धानाची रोपं, आमचे पऱ्हे, जून होऊन राहिले, मी का करू? दिलो ठोकून, "कंपाउंडर!"

"हट्! कंपाउंडर तं लंगडा होता, चौथ्या भागात तूच सांगतलास. लंगड्याची चप्पल एका बाजूनं घासते. मुर्द्याच्या हातातली सारखी घासली होती, हेही तूच सांगतलास!"

सांगा आता! पाहाची अक्कल मीच शिकवलो, आन् मलेच पकडलं!

दुसऱ्या दिवशी माझ्या बांधीत बगळे. बाया कुठं? बाजूच्या बिसरामच्या बांधीत! बाराच्या बारा, आन् तेरावी माझी बायको, फुलवंता! आन् थो बिसराम, ज्यानं क्रिकेटशिवाय जिंदगीत काही पाह्यलं नाही, धुऱ्यावरून दहावा भाग सांगून राहिला! दहावा भाग आहेच नाही हो! तसाच धावत गेलो, आरडलो, "फुलवंता, निघ! थो मनचं सांगून राहिला!"

फुलवंता मान वर न करता म्हणते, "चूप राहा जी! मास्तर चप्पल शोधून राहिला."

मास्तर?... मास्तर कायले शोधन? मास्तरच्या तं पहिल्याच भागात दोन्ही चपला पायात होत्या! मी उभा राह्यलो. बस, दोन मिनटं म्हटलं. तं बिसराम थांबला ना! "चैतरामभाऊ, उभ्यानं आयकाची सोय नाही. पुढचं आयकाचं असन तं पऱ्ह्याची जुडी घे आन् वाक."

आज तिसरा दिवस हाय. कंबर गेली. माझे पऱ्हे तिकडं पिवळे पडून राहिले, इकडं तेरावा भाग चालू, आन् चप्पल कोणाची थे अजून मालूम नाही. उद्याही जा लागन... का करता, सिरीयल कोणी निवडली होती? आपली पारख म्हंजे पारख!